कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून

मालिकांत काम करते म्हटल्यावर ओळखीपाळखीच्या बायका दोन प्रश्न हमखास विचारतात. "काम मिळतं कसं?" आणि "ती अमकी नायिका खऱ्यात कशी आहे हो?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. पहिल्याचं उभ्या-उभ्या देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

मी कॅरेक्टर आर्टिस्ट आहे. मावशी, शेजारीण, मुख्याध्यापिका, वॉर्डातली आया, नायिकेच्या सासूची धाकटी जाऊ, अशी माणसं करते. पोस्टरवर मी नसते. गोष्ट माझी नसते, पण गोष्टीतल्या घराला घरपण यायचं तर आम्ही लागतोच.

१९८७ मध्ये मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरीला लागले. महानगर टेलिफोन निगम त्याआधी वर्षभरच झालं होतं. पुढची बरीच वर्षं माझी १९७ वर गेली. तरुण मंडळींसाठी सांगते, १९७ फिरवला की कुणाचाही नंबर विचारता यायचा. हेडसेट कानाला लावायचा आणि ऐकायचं. माणूस दिसत नाही, नाव माहीत नाही, आवाज तेवढा येतो. "केईएमचा नंबर द्या" एवढंच कुणी म्हणायचं, पण घरातलं कुणी दाखल आहे की नुसती तपासणीची वेळ घ्यायची आहे, हे त्या वाक्याआधीच्या श्वासात कळायचं. घाईतला माणूस नंबर नीट लिहून घेत नाही, पुन्हा विचारतो. घाबरलेला माणूस एकदाच विचारतो आणि "थँक्यू" न म्हणता ठेवतो. अभिनयाचं माझं पहिलं शिक्षण तिथे झालं असं मी मानते, आणि ते पुढे कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त कामाला आलं.

मुंबईत नोकरी आणि नाटक ही जोडी जुनी. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, शिवाजी साटम सेंट्रल बँकेत, रीमा लागू युनियन बँकेत. बँकांच्या, ऑफिसांच्या एकांकिका स्पर्धांमधून कितीतरी नट वर आले. आमच्याही तालमी ऑफिस सुटल्यावर, शाळेच्या एखाद्या वर्गात बाकं भिंतीला लावून चालायच्या. राज्य नाट्यस्पर्धेत साहित्य संघाच्या रंगमंचावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या वाट्याला जेमतेम पानभर संवाद होते. दिग्दर्शक म्हणाले, "तू बोलत नसतेस तेव्हा काय करतेस त्यावर माझं लक्ष आहे." त्या वेळी ते मला समजलं नव्हतं.

१९९९ मध्ये अल्फा मराठी आलं, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, आणि रोजच्या मालिकांना माणसं कमी पडायला लागली. नायक-नायिका दोनच असतात हो, पण लग्न दाखवायचं तर आत्या, काकू, भटजी, वरमाई, आचारी सगळे हवेत. नाटकातल्या मेकअपमन दादांनी माझं नाव एका कोऑर्डिनेटरला, म्हणजे कलाकारांना काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला, सांगितलं आणि मी एका लग्नात आत्या झाले. नोकरी शिफ्टची असल्यामुळे रात्रपाळी करून सकाळी सेटवर जाता यायचं. ऑफिसची रीतसर परवानगी काढली होती. सहकारी मैत्रिणींनी ड्युट्या बदलून दिल्या नसत्या तर हे काहीच झालं नसतं.

३१ जानेवारी २०२० ला आमच्या खात्यातल्या हजारो जणांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यात मीही होते. आता पूर्णवेळ हेच करायचं, असं ठरवून मी केस रंगवणं थांबवलं. हा निर्णय मी विचार करून घेतला. पन्नाशीच्या बाईचे काळे केस असले की ती नायिकेची आई ठरते, आणि आईच्या भूमिकेसाठी चॅनेलला नावाजलेला चेहरा हवा असतो. पांढरे केस ठेवले की आजी, न्यायाधीश, डॉक्टर, आश्रमातल्या बाई, संस्थाचालक असे दरवाजे उघडतात. या धंद्यात वय लपवण्यापेक्षा दाखवण्यात काम जास्त आहे, हे कुणी सांगत नाही.

वर्सोव्याचं आरामनगर हे ऑडिशनचं गाव. मी मुलुंडची. घाटकोपरला उतरून मेट्रोने वर्सोवा आणि पुढे रिक्षा. आत बैठ्या घरांच्या रांगा, दारांवर नंबर, आणि दर तिसऱ्या-चौथ्या घरात कास्टिंगचं ऑफिस. बाहेर मुलं-मुली उभी, हातात मोबाइल, ओठ हलतायत. दारात उभा असलेला मुलगा तुमच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघतो आणि म्हणतो, "नॉट फिट." कधी कधी मान वर न करताच म्हणतो. पहिल्या दिवशी हे फार लागलं, कारण माझ्याशी आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. नंतर लक्षात आलं की त्याच्या हातातल्या कागदावर उंची, वय, रंग लिहिलेला असतो आणि तो तेवढंच जुळवून बघतो. तुमच्या कामाबद्दल तो काहीच बोललेला नसतो.

आत गेलात की पांढऱ्या किंवा निळ्या भिंतीसमोर उभं करतात. नाव, वय, उंची, कुठे राहता, आधी काय केलंय. मग डावी बाजू, उजवी बाजू. जाहिरातीचं ऑडिशन असेल तर हात पुढे करून दोन्हीकडून दाखवायचे. मग संवाद. समोरचे संवाद कास्टिंगचा सहायक वाचतो. सकाळपासून त्याने तीच वाक्यं शंभरदा वाचलेली असतात, त्यामुळे त्याच्या आवाजात काही उरलेलं नसतं. तरीही त्याचं वाक्य पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकायचं, ही परीक्षा. स्वतःची वाक्यं पाठ करणाऱ्या बऱ्याच मुली मी पाहते. समोरच्याची वाक्यं पाठ करणाऱ्या फार थोड्या. मी समोरच्याची आधी करते.

निवड झाली तर फोन येतो, "तुम्ही लॉक आहात." नाही झाली तर फोन येत नाही. कळवण्याची पद्धतच नाही, आणि ही या क्षेत्रातली सगळ्यात वाईट सवय आहे असं माझं ठाम मत आहे. घरी आलेल्या माणसाला आपण निदान नाही तरी म्हणतो.

शूटिंगचा दिवस कसा असतो ते सांगते. मराठी मालिकांचे बरेच सेट ठाण्याला घोडबंदर रोडवर, मढला, मीरा रोडला आणि गोरेगावच्या चित्रनगरीत. कॉल सकाळी सातचा असला की मला घोडबंदरला सहालाच निघावं लागतं. चार-पाच बायकांना मिळून एक मेकअप रूम. सेटचे ब्लाउज शिलाई उसवून मापाचे करता येतात, पण बाहीचं माप कधीच बसत नाही, म्हणून माझ्या पिशवीत माझे चार ब्लाउज, सुईदोरा आणि सेफ्टी पिनांचं पाकीट असतंच. सीनचे कागद कधी आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर येतात, कधी केस विंचरून होईपर्यंत येत नाहीत.

सीन आधी मास्टरमध्ये घेतात, म्हणजे सगळी माणसं एकत्र. मग टू शॉट, म्हणजे दोघं एका चौकटीत, मग एकेकाचे क्लोज, म्हणजे नुसता चेहरा. क्लोजचा क्रम मानाप्रमाणे लागतो. नायिकेचा आधी, मग नायकाचा, मग सासूचा. आमचे शेवटी. तोवर वेळ संपत आलेली असते, म्हणून आम्ही बऱ्याचदा सजेशनमध्येच उरकतो. सजेशन म्हणजे दुसऱ्याच्या क्लोजमध्ये कडेला दिसणारा आपला खांदा, कान, थोडे केस.

एक सीन मला सांगायचाच आहे. नायिकेचे वडील हॉस्पिटलात वारतात, ती धावत येते, वॉर्डातली आया तिला दारात अडवते. आया मी. कागदावर माझं वाक्य एकच होतं, "ताई, आत जाऊ नका." मी असोसिएटला, म्हणजे दिग्दर्शकांच्या मुख्य मदतनिसाला, विचारलं, माझ्या हातात वडिलांचा चष्मा दिला तर चालेल का? माणूस गेला की अंगावरच्या वस्तू आया काढून ठेवते. चष्मा, कवळी, घड्याळ, बोटातली अंगठी. नातेवाइकांच्या हातात त्या देणारीही तीच असते. असोसिएटने दिग्दर्शकांना विचारलं, ते हो म्हणाले. वडिलांचं काम करणारे काका मेकअप रूममध्येच होते, त्यांनी स्वतःचा सीनमधला चष्मा काढून दिला.

मास्टर झाला, टू शॉट झाला. नायिकेचा क्लोज लागेपर्यंत रात्रीचे साडेआठ. पोरगी सकाळपासून उभी, दिवसभरात तीनदा रडून झालेलं, ग्लिसरीनने डोळे लाल. अशा वेळी समोरचा कलाकार कपडे बदलायला निघून जातो आणि सहायक कागदावरून क्यू, म्हणजे समोरच्याची वाक्यं, वाचतो. कॅमेऱ्यात आपण दिसणार नसतो, त्यामुळे कुणी काही म्हणत नाही. मी थांबले. लेन्सच्या डाव्या बाजूला, तिची नजर कॅमेऱ्याच्या जवळात जवळ राहील अशी, लाइटच्या स्टँडला खेटून उभी राहिले. अॅक्शन म्हटल्यावर वाक्य लगेच बोलले नाही. चष्म्याची एक काडी मिटलेली, एक उघडी होती. उघडी काडी मिटली, काच पदराने पुसली आणि चष्मा पुढे केला. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, चष्म्याकडे पाहिलं. घ्यायला हात उचलला आणि मध्येच थांबवला. मग मी म्हटलं, "ताई, आत जाऊ नका." तिच्या घशातून जो आवाज आला तो कागदावर लिहिलेला नव्हता. दिग्दर्शकांनी कट म्हणायला बराच वेळ घेतला.

माझा क्लोज त्यानंतर होता. पण नऊला पॅकअप होतं. "मावशी, तुमचं सजेशनमध्ये आलंय, पुरेल." भाग लागला तेव्हा घरचे सगळे टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर माझा खांदा, कानातली कुडी आणि चष्मा धरलेला हात. जाऊबाई म्हणाल्या, "तू कुठे होतीस?" वाईट वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. पण तो शॉट कशामुळे उभा राहिला हे मला माहीत आहे आणि त्या मुलीलाही माहीत आहे. त्यानंतर त्या मालिकेत माझं काम असेल त्या दिवशी ती सहायकाला आधीच सांगायची, "क्यूला मावशी थांबतील."

आमच्या कामाचा गाभा मला इथे दिसतो. समोरच्याचं वाक्य खरं वाटावं म्हणून आपण ऐकायचं, आणि आपण दिसत नसतानाही तितकंच ऐकायचं. थोड्या वेळात उभं राहण्याची ताकद बघायची तर सदाशिव अमरापूरकर बघा. 'अर्धसत्य'मध्ये त्यांचे प्रसंग मोजके, पण रामा शेट्टी नुसता बसलेला असतो तेव्हाही समोरच्याचा धीर सुटतो. त्या कामाला सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. आणि ललिता पवार. १९४२ मध्ये शूटिंगमध्ये बसलेल्या थपडेने चेहऱ्याला इजा झाली, डावा डोळा कायमचा बारीक राहिला, नायिकेचं काम सुटलं. त्यानंतर त्या चरित्र भूमिकांकडे वळल्या आणि अनेक दशकं उभ्या राहिल्या. तो डोळा त्यांनी झाकला नाही, वापरला. त्यांची सासू बघायला बसले की मी त्यांचे हात बघते. चाव्यांचा जुडगा त्या कशा धरतात ते बघा कधीतरी.

नोकरी सोडून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, १९ मार्च २०२० पासून, कोरोनामुळे सगळी शूटिंगं बंद पडली. पुढे जूनच्या शेवटी सेट पुन्हा उघडायला लागले, पण सरकारी नियमावलीत अट होती की पासष्टच्या वरच्या कुणीही सेटवर यायचं नाही. त्या अटीने आमच्यातल्या किती जणांचं काम थांबलं असेल! मालिकांमधून आज्या-आजोबा एका रात्रीत गायब झाले. कुणी गावी अडकलं, कुणी मुलाकडे परदेशात राहिलं, असं दाखवलं गेलं. मी करत होते त्या मालिकेतल्या आजींचे संवाद 'आजी' खोडून 'काकू' लिहून माझ्याकडे आले. संध्याकाळी मी त्या आजींना फोन केला. सत्तरी ओलांडलेल्या, रंगभूमीवर हयात गेलेल्या. त्या म्हणाल्या, "वाक्य वाया घालवू नकोस, नीट म्हण. आणि 'बाळा'वर जोर देऊ नको, मी देत नाही." तो सीन मी त्यांच्या लयीत केला.

सत्तरीतले एक कलाकार या अटीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. उपजीविकेचं दुसरं साधन नाही, हा त्यांचा मुद्दा होता. ७ ऑगस्ट २०२० ला न्यायालयाने ती अट रद्द केली. आमच्या आजी परत आल्या तेव्हा सेटवर टाळ्या वाजल्या. त्यांचे संवाद त्यांच्याकडे गेले, माझे कमी झाले, आणि त्या दिवसाइतकं हलकं मला त्या वर्षात वाटलं नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा युनिटं गोव्याला, सिल्वासाला गेली. मोजकी माणसं न्यायची होती. मावश्या-काकू घरी राहिल्या.

हिंदीत मराठी बाई म्हटलं की कामवाली, कॉन्स्टेबल किंवा कोळीण. मी यांतली कुठलीही भूमिका हलकी मानत नाही. माझं म्हणणं एवढंच की तिला नाव असावं. कागदावर 'बाई २' असं लिहून येतं. मी तिला घरी बसून नाव देते. कुठून कितीची लोकल पकडते, घरी कोण आजारी आहे, पगार कधी होतो, हे वहीत लिहिते. कॉन्स्टेबलची भूमिका आली तेव्हा दादर स्टेशनवर महिला पोलिसांना दुरून पाहत बसले होते. सहा-सात तास उभं राहिलेली बाई वजन एका पायावरून दुसऱ्यावर कशी टाकते, टोपी काढल्यावर कपाळावरचा वळ कसा पुसते. ते सगळं तीन सेकंदांच्या शॉटमध्ये गेलं. मराठी संवाद चुकीचे असतील तर मी तिथेच, नम्रपणे, बदलून देते. आजवर एकाही दिग्दर्शकाने नाही म्हटलेलं नाही.

आता पैसे. मालिकेत आम्हाला दिवसाप्रमाणे मिळतात. ठरलेला पर डे, त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे निर्मात्याने आधीच कापून घेतलेला आयकर, कोऑर्डिनेटरमार्फत काम असेल तर त्याचा हिस्सा. आणि हे हातात यायला सर्रास नव्वद दिवस. म्हणजे गणपतीत केलेल्या कामाचे पैसे नाताळच्या सुमारास. ज्याचं घर फक्त यावर चालतं त्याने तीन महिन्यांचा किराणा कुठून भरायचा, याचा विचार कुणी करत नाही, आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं. माझं पेन्शन आहे म्हणून मी लिहू शकते. ज्यांचं नाही ते बोलायला घाबरतात. एका निर्मात्याकडे माझे अजून अडकलेले आहेत. नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगते, दर दिवसाची नोंद ठेवा, काम ठरल्याचा मेसेज जपून ठेवा, आयकर खात्याच्या २६ एएस या नोंदपत्रात टीडीएस जमा झालाय का बघा. कापलेला दिसतो आणि भरलेला नसतो, असंही होतं. आणि सिंटाचं सभासदत्व घ्या. १९५८ पासूनची कलाकारांची संघटना आहे, आपल्यामागे कुणीतरी आहे एवढ्यानेही बोलण्यात फरक पडतो.

काम संपतं कसं, हेही विचारा. बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. गुरुवारी टीआरपी येतो, कथेचा ट्रॅक बदलतो, आणि पुढच्या महिन्याच्या डेट्स विचारणारा फोन येत नाही. मग एक दिवस मालिकेतलंच कुणीतरी म्हणतं, "मावशी काशीला गेल्यात." मी करत असलेल्या बायकांचा निरोप मी स्वतः घेते. वहीत त्या नावाखाली तारीख घालते.

हल्ली आरामनगरला जाणं कमी झालं. लॉकडाऊनपासून ऑडिशन घरून पाठवायचं. मोबाइल आडवा, पाठीमागे मोकळी भिंत, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर. समोरचे संवाद वाचायला घरातलं कुणीतरी लागतं. माझी भाची वाचते. सुरुवातीला भरभर वाचून टाकायची. मी तिला मोबाइलच्या अगदी बाजूला उभं केलं आणि म्हटलं, तू दिसणार नाहीस, पण मला तुझ्याकडूनच घ्यायचंय, तेव्हा तू खरं विचार, मी खरं सांगीन. आता ती वाक्य संपल्यावर थांबते, माझ्याकडे बघते. तिच्या जोरावर गेल्या पंधरवड्यात एक काम लॉक झालं, कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक बाईंचं. दोन सीन आहेत. दोन्हींत नवरा-बायको भांडतात आणि मी ऐकते.